हवा साथ देत नसताना गच्चीवरून गुरूचे फोटो कसे काढावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या सोसायटीची गच्ची, आठ इंची एफ/६ डॉब्सोनियन (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण), मोटर नाही, प्रतिमा दुप्पट मोठी करणारं २एक्स बार्लो भिंग आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा. वर्षभर गुरूचे व्हिडिओ घेऊन झाले. दोन पट्टे येतात, बाकी सगळं पाण्याखाली ठेवल्यासारखं हलतं. आता चांगल्या हवेची वाट पाहावी, कॅमेरा बदलावा की शहराबाहेर जागा शोधावी?

तिन्हीपैकी काहीही करू नका, निदान या हंगामात तरी. आहे त्या सामानावर विषुववृत्ताजवळच्या पट्ट्याला लटकणारे निळसर फाटे, तांबड्या डागाभोवतीची पोकळी आणि दक्षिणेकडचे छोटे पांढरे ठिपके निघतात. मी हे शहरातूनच, अशाच सिमेंटच्या स्लॅबवरून, आठ इंची आरशानेच काढत आलोय. आपण ज्याला ‘हवा खराब’ म्हणतो त्यातला मोठा भाग आकाशातला नसतोच, तो आपल्या गच्चीवरचा आणि आपल्या नळीतला असतो. तेवढा भाग आपल्या हातात आहे. उरलेला हातात नाही, पण त्यातून वाट काढायची रीत ठरलेली आहे, ती पुढे सांगतो.

आधी जागेचं. शहराबाहेर अंधारात, वांगणीला किंवा भोरच्या पलीकडे जायचं ते तेजोमेघ आणि दीर्घिका पाहायला. गुरू इतका तेजस्वी आहे की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्याच्या फोटोत काही फरक पडत नाही. त्याला अंधार नको, स्थिर हवा हवी, आणि या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही. थंड वारा सुटून आकाश धुतल्यासारखं झालंय, तारे लखलखतायत, ती रात्र बहुतेक वेळा दीर्घिकांची असते. आपल्या कामाची रात्र वेगळी दिसते: वारा पडलेला, क्षितिजाकडे थोडं धुरकट, तारे मोजके पण निवांत. अशा रात्री आकाश मळकट दिसतं म्हणून लोक दुर्बीण बाहेरच काढत नाहीत. तुम्ही काढा.

आता एक प्रयोग, जो मी प्रत्येक नव्या माणसाला गच्चीवर आल्या आल्या करायला लावतो. लुब्धक किंवा ब्रह्महृदय असा एखादा ठळक तारा दीडशे पटीच्या पुढे मोठा करून पाहा आणि फोकस बराच बाहेर न्या. ताऱ्याची उजळ चकती होईल, मधोमध दुय्यम आरशाची काळी सावली. आता आपला हात नळीच्या तोंडापाशी, खालच्या कडेला धरा. चकतीत बोटांची सावली दिसेल, आणि त्या बोटांमधून वर चढणारे धुरासारखे लोटही दिसतील. ती तुमच्या हाताची उष्णता आहे. हात काढा आणि चकतीकडे पाहत राहा. तसेच लोट हात नसतानाही चढत असतील, संथपणे, नळीच्या वरच्या बाजूला चिकटून, तर तुमचा आरसा अजून गरम आहे. सगळी चकती उकळत्या भातासारखी खदखदत असेल तर उष्णता जवळच्याच स्लॅबची, भिंतीची किंवा शेजारच्या इमारतीची. आणि चकतीवरून एकाच दिशेने, नदीच्या तळावरच्या कवडशांसारखं काही वेगाने वाहत असेल तर ती उंचावरच्या वाऱ्याची करामत. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह मुख्यतः उत्तर भारतावरून वाहतो, पण तो दक्षिणेकडे सरकला की आपल्याकडेही हे दिसतं. पहिल्या दोन गोष्टींवर इलाज आहे.

मी स्वतः दोन हिवाळे जेट प्रवाहाला दोष दिला. रोज नकाशे पाहायचो. शेवटी हा प्रयोग केला तेव्हा लोट नेहमी एकाच बाजूने येताना दिसले, आणि त्या बाजूला होती पाण्याची सिमेंटची टाकी. दिवसभर तापलेली ती जाड भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत होती आणि मी नेमका तिच्यावरूनच गुरू पाहत होतो. दुर्बीण गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पाच-सहा पावलांवर नेली. त्याच रात्री पट्ट्याच्या कडा तुटक दिसायला लागल्या. पत्र्याची शेड दिसायला वाईट, पण पत्रा पातळ असल्याने अंधार पडल्यावर लवकर थंड होतो. जाड सिमेंट आणि विटा हे आपले खरे शत्रू. सोलरच्या पॅनेलवरून आणि खालच्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या बाजूने पाहणंही टाळा. सूर्यास्ताला दुर्बिणीभोवतीच्या स्लॅबवर दोन-तीन बादल्या पाणी मारलं तर बाष्पीभवनाने फरशी लवकर निवते. सोसायटीत पाण्याची टंचाई नसेल तर जरूर करा.

आरशाचं तितकंच महत्त्वाचं. पुण्याच्या हिवाळ्यात दुपारी ३० अंशांजवळ असलेला पारा पहाटे १०-१२ पर्यंत येतो. म्हणजे हवा रात्रभर थंड होत जाते आणि आठ इंची काच तिच्यामागे धावत राहते. घरातून काढून अर्ध्या तासात फोटो घ्यायला बसलात तर आरशावर गरम हवेची सायच बसलेली असते. दुर्बीण संध्याकाळी पाचलाच सावलीत बाहेर ठेवा. आरशाच्या मागे संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा. तो स्क्रूने आवळू नका, रबरबँडवर लटकवा म्हणजे त्याची थरथर नळीत जाणार नाही. आणि तो रात्रभर चालू ठेवा. काच निवल्यावरच कॉलिमेशन (दोन्ही आरसे एका रेषेत आहेत का) तपासा, तेही ताऱ्यावर: किंचित फोकसबाहेरची कडी एककेंद्री दिसली पाहिजेत. कॉलिमेशन बिघडलेलं असेल तर सगळ्यात स्थिर रात्रीही फोटो मऊच येईल आणि दोष मात्र हवेवर जाईल.

आता आपल्या बाजूने असलेली एक गोष्ट, जिची जाणीव इथे फार कमी लोकांना आहे. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर समोर आला तेव्हा, तो मिथुनेत होता आणि पुण्याहून मध्यमंडलावर (आकाशात सगळ्यात उंच येतो तिथे) ८६ अंशांपर्यंत चढत होता, जवळजवळ डोक्यावर. त्याच काळात लंडनहून तो ६० अंशांवर होता. ग्रह जितका उंच तितका हवेचा थर पातळ. २०२० साली गुरू धनू राशीत होता, पुण्याहून जेमतेम ४९ अंश, आणि प्रतियुती जुलैत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. पुढच्या प्रतियुती फेब्रुवारी २०२७, मार्च २०२८ आणि एप्रिल २०२९ मध्ये आहेत, सगळ्या आपल्या कोरड्या महिन्यांत. त्यानंतर गुरू पुन्हा पावसाकडे सरकतो. बारा वर्षांच्या चक्रातली ही आपली चांगली वर्षं आहेत, म्हणून म्हणतो की वाट पाहण्यात ती घालवू नका. फिलिपिन्समधल्या सेबूसारख्या दमट शहरातून ख्रिस्तोफर गो यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये गुरूवरचा एक पांढरा अंडाकृती डाग तांबूस झालेला टिपला आणि सगळ्या जगाला कळवला. सेबू १० अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथूनही ग्रह उंच चढतात. उष्ण कटिबंधात राहणं या छंदासाठी सुदैवाचं आहे.

फक्त डॉब्सोनियनची एक अडचण: अगदी डोक्यावरचा ग्रह मोटरशिवाय धरून ठेवणं फार कठीण, कारण तिथे नळी उभी होते, तिला बाजूला फिरवायला हाताला जोरच मिळत नाही आणि ग्रह थोडा सरकला तरी ती बरीच फिरवावी लागते. गुरू ६० ते ७५ अंशांवर असताना काम करा, मध्यमंडलाच्या आधी किंवा नंतर. एवढ्या उंचीवर हवेमुळे होणारी रंगांची फाटाफूटही बरीच कमी असते, त्यामुळे ती दुरुस्त करणारा डिस्पर्शन करेक्टर विकत घ्यायची गरज नाही.

प्रत्यक्ष चित्रणात बहुतेकांची गाडी जिथे अडते ते एक्स्पोजर. खराब हवेत लॅपटॉपवर गुरू पाहिलाय तुम्ही: कड लाटांसारखी हलते, पट्टे एकमेकांत मिसळतात, आणि मग अचानक अर्धा सेकंद सगळं थांबतं. पट्ट्याखालचा फाटा स्वच्छ दिसतो, एखादा चंद्र टाचणीच्या टोकाएवढा होतो, आणि लगेच पुन्हा लाटा सुरू. आपल्याला तो अर्धा सेकंदच पकडायचा असतो. त्यासाठी प्रत्येक फ्रेम इतक्या कमी वेळाची हवी की तिच्या आत हवा जागची हलू नये. गुरूसाठी ५ ते १० मिलिसेकंद. चित्र अंधारं वाटलं तर एक्स्पोजर वाढवू नका, गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवा. दाणे दिसतील, दिसू द्या. दाणे स्टॅकिंगमध्ये, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचताना, जातात, हललेली कड कशानेही परत येत नाही.

तुमच्या संचाचं गणित मांडून पाहू. १,२०० मिमी नाभ्यंतर, बार्लोने २,४०० मिमी, म्हणजे आरशाच्या व्यासाच्या बारापट, एफ/१२. एका पिक्सेलमध्ये साधारण ०.२५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) येतात, आणि ४५ आर्कसेकंदांचा गुरू १८० पिक्सेल रुंद. ‘पिक्सेलच्या पाचपट एफ नंबर’ या नियमाने एफ/१४.५ हवं, पण तो नियम चांगल्या हवेचा आहे. आपल्या हवेत एफ/१२ अगदी योग्य. ३एक्स बार्लो घेऊन ग्रह मोठा करण्याचा मोह होईल, पण त्याने फक्त धूसरपणा मोठा होतो आणि प्रकाश कमी पडून एक्स्पोजर लांबतं.

मोटर नसल्याने गुरू पडद्यावरून सरकत राहणार. २,४०० मिमीला तुमच्या सेन्सरची लांब बाजू साधारण ४८० आर्कसेकंद पाहते, गुरू सेकंदाला सुमारे १४ आर्कसेकंद सरकतो, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जवळपास ३५ सेकंद मिळतात. ८ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये तो ०.११ आर्कसेकंद सरकतो, अर्धा पिक्सेलही नाही. तेव्हा मोटर नाही म्हणून फोटो पुसट येतो ही समजूत मनातून काढून टाका. कॅमेरा असा फिरवून बसवा की ग्रह लांब बाजूला समांतर वाहील. चित्राची उंची ६०० ओळींपर्यंत कमी करा, रुंदी पूर्ण ठेवा. फ्रेमचा वेग मुख्यतः ओळींच्या संख्येवर ठरतो, त्यामुळे सेकंदाला शंभराच्या वर फ्रेम मिळायला हरकत नाही. ८ बिट, रॉ, एसईआर प्रकारची व्हिडिओ फाइल. ३० सेकंदांची फाइल चार जीबीच्या आसपास होते, तेव्हा लॅपटॉपला एसएसडी आणि यूएसबी ३ हवंच. चित्रणासाठी शार्पकॅप आणि फायरकॅप्चर हे दोन्ही प्रोग्राम चालतात. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६०-७० टक्क्यांवर राहील असा गेन ठेवा.

फोकस गुरूच्या कडेवर करू नका, ती हलत असते. त्याच्या चंद्रावर करा. फोकसरच्या चाकीला कपड्यांचा लाकडी चिमटा लावा, त्याचं टोक लांब असल्याने बोटाच्या हलक्या स्पर्शाने बारीक फिरवता येतं आणि नळी थरथरत नाही. हवा खदखदत असताना नेमका फोकस कुठे हे कळतच नाही, म्हणून दर दोन-तीन फायलींनंतर किंचित आत-बाहेर करून नव्याने ठरवा. त्यातल्या काही फायली वाया जातील. जाऊ द्या.

फायली किती घ्यायच्या याला एक भक्कम आधार आहे. डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये दाखवलं की अस्थिर हवेतही अधूनमधून एखादी फ्रेम जवळजवळ निर्दोष येते, आणि ती येण्याची शक्यता आरशाचा व्यास आणि हवेतल्या सलग शांत तुकड्याचा आकार यांच्या गुणोत्तरावर ठरते. तुमच्या २० सेंमी आरशाला शांत तुकडा ४ सेंमीचा मिळाला तर साधारण दर नऊ फ्रेममागे एक चांगली. तुकडा ३ सेंमीवर आला तर दर १८० फ्रेममागे एक. फरक फक्त एका सेंटिमीटरचा! त्याच ३ सेंमीच्या हवेत पाच इंची दुर्बिणीला मात्र तीनात एकाहून जास्त फ्रेम चांगली मिळते. म्हणून खराब रात्री शेजारच्याची छोटी दुर्बीण डोळ्याला जास्त स्थिर दिसते, आणि माणूस उगाच खट्टू होतो. पण तुमच्या १८० मधल्या एका फ्रेममध्ये तिच्यापेक्षा जास्त तपशील असतो. फक्त तशा पुरेशा फ्रेम जमवायला हव्यात. ३० सेकंदांत शंभराच्या वेगाने ३,००० फ्रेम, त्यात सोळा-सतरा चांगल्या. एका फाइलवर काहीच होणार नाही. चाळीस फायली घ्या, साडेसहाशेपर्यंत जाल. तुम्ही रात्रीत तीन-चार फायली घेऊन खाली उतरत असाल तर तुमच्या फोटोंचं दुखणं कॅमेऱ्यात नाही, इथे आहे.

अडचण एवढीच की गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. चकतीच्या मध्यावर मिनिटाला जवळपास ०.२४ आर्कसेकंद सरकतो, आणि आठ इंची आरशाची भेदनक्षमता, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सगळ्यात बारीक तपशील, ०.५८. म्हणजे अडीच मिनिटांच्या आतल्या फायलीच थेट एकत्र करता येतात, म्हणजे तीन फेऱ्या, कारण ग्रह पुन्हा कडेला आणायलाही वेळ जातो. अशा तिघांचा एक गठ्ठा. वेगवेगळ्या गठ्ठ्यांची चित्रं मग विनज्यूपॉस या प्रोग्राममध्ये ग्रहाच्या फिरण्यानुसार फिरवून जुळवायची. त्यासाठी प्रत्येक फाइलची वेळ नेमकी लागते, आंतरराष्ट्रीय वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. लॅपटॉपचं घड्याळ बसण्याआधी इंटरनेटवरून जुळवून घ्या.

फारच वाईट रात्र असेल तर ६८५ नॅनोमीटरपुढचा इन्फ्रारेड फिल्टर लावा. लांब तरंगलांबीला हवा कमी हलवते: ५०० ऐवजी ७५० नॅनोमीटरला शांत तुकडा १.६ पट मोठा होतो. भेदनक्षमता दीडपट कमी होते हे खरं, पण अशा रात्री तुम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही पोचलेले नसता. रंगीत कॅमेऱ्यावरही हे जमतं. एक्स्पोजर १५ मिलिसेकंदांच्या वर नेऊ नका, नाहीतर मोटर नसल्याचा तोटा दिसायला लागेल. हे चित्र कृष्णधवलच ठेवा. इन्फ्रारेडमध्ये तांबडा डाग फिकट, उजळ दिसतो, त्याच्यावर रंगीत फोटोचे रंग चढवले की ना धड हे ना धड ते असं होतं.

शनी आणि मंगळाला हीच रीत. शनी गुरूपेक्षा अंधुक आहे, पण त्याच्यावर ठळक खुणा नसल्याने पाच-सहा मिनिटांच्या फायली एकत्र केल्या तरी चालतं. मंगळाला २ ते ४ मिलिसेकंद पुरतात.

आता संगणकावरचं काम. वाहता ग्रह पिप या प्रोग्राममध्ये मधोमध आणून कापून घ्या, त्याच गठ्ठ्यातल्या तीन फायली तिथेच जोडा, मग फ्रेम निवडून रचणाऱ्या ऑटोस्टॅकर्टला द्या. किती टक्के फ्रेम ठेवायच्या याचं ठरावीक उत्तर नाही. एकाच गठ्ठ्यातून ३००, ८०० आणि २,००० फ्रेमची तीन चित्रं काढा आणि शेजारी ठेवून पाहा. खराब रात्री ५ ते १० टक्क्यांच्या वर गेलं की चित्र मऊ होतं, फार खाली गेलं की दाणे उरतात. जुळवणीच्या बिंदूंचे चौकोन लहान ठेवू नका. हवा हलत असताना लहान चौकोन दाण्यांवरच जुळतात आणि पट्ट्यात खोट्या गाठी तयार होतात. १८० पिक्सेलच्या गुरूवर ४८ ते ६४ पिक्सेलचे चौकोन पुरे.

शार्पनिंगबद्दल माझं मत कडक आहे. रेजिस्टॅक्स या प्रोग्राममधले स्लायडर हळूहळू वाढवा, आणि कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी दुहेरी रेघ दिसली की दोन पावलं मागे या. एआय शार्पनिंग ग्रहांवर वापरू नका. ते तिथे नसलेले भोवरे काढून देतं, दिसायला सुंदर, पण गुरूवर नसलेले. आपले फोटो नुसते भिंतीवर लावायचे नसतात. स्पेनमधल्या बास्क कंट्री विद्यापीठाच्या पीव्हीओएल संग्रहात जगभरातल्या हौशी लोकांचे ग्रहांचे फोटो जमा होतात आणि संशोधक ते वापरतात. तिथे साधा, मऊसर पण खरा फोटो कामाचा असतो. रात्र वाईट होती तर चित्र ७० टक्क्यांपर्यंत लहान करून ठेवा, आहे तेवढा तपशील त्यात नीट बसतो.

वर्षभराच्या जुन्या फायली पुसल्या नसतील तर आधी त्यांच्याकडे वळा. ज्या रात्री एकामागोमाग सगळ्यात जास्त फायली घेतल्या असतील ती रात्र निवडा, गठ्ठे पाडा आणि वर सांगितलं तशी तीन-तीन चित्रं काढा. सोबत पुढच्या मोकळ्या रात्री हाताचा प्रयोग करा आणि लोट कोणत्या प्रकारचे दिसले ते कळवा. तुमच्या गच्चीवर टाकी कुठे आहे, सोलर कुठे आहे आणि दुर्बीण कुठे ठेवता, याचं कागदावर काढलेलं साधं चित्र पाठवलंत तर जागा कुठली घ्यायची ते मी जास्त नेमकं सांगू शकेन.